धोंडूच्या पोटाचा निकाल

एका जंगलात, मुलांनो, दोन डॉक्टर होते आणि दोघेही चांगले होते. तिथेच सगळी पंचाईत झाली.

सुतारपक्षी पोटाला बारीक भोकं पाडून आत दुर्बीण घालायचा. अस्वल सरळ पोट उघडायचं.

त्याच जंगलात गोंद्या रानडुक्कर आणि त्याचा थोरला भाऊ धोंडू राहायचे. धोंडूच्या मोठ्या आतड्यात गाठ झाली होती. आता तिने यकृतातही पिल्लं घातली होती.

"कापून काढता येईल," दोन्ही डॉक्टर म्हणाले.

"मग काढा की," गोंद्या म्हणाला.

पण जंगलाची एक रीत होती. कोणती पद्धत बरी, याचा निकाल पाणवठ्यावर लागल्याशिवाय कोणाच्या पोटाला हात लावायचा नाही. सभापती कासव होतं. ते कधी घाई करत नाही, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास.

सभा भरली. बरे झालेले प्राणी पोटं वर करून रांगेत निजले. सुतारपक्ष्याचे पेशंट लवकर घरी गेले होते, दुखलंही कमी. अस्वलाचे जरा उशिरा उठले होते.

"जगतात कुणाचे जास्त?" गोंद्याने विचारलं.

"साधारण सारखेच," कासव म्हणालं. "पण सुतारपक्ष्याने लहान गाठी घेतल्या, अस्वलाने मोठ्या. आता सारख्या गाठी घेऊन पुन्हा तुलना करू."

"आणि तोवर दादाने काय करायचं?"

"गाठ आहे तेवढीच ठेवायची."

गोंद्याचं डोकं फिरलं. त्याने मुसंडी मारून सभापतींना उताणं पाडलं. सभापती सुलटे होईपर्यंत सभा तहकूब झाली.

घरी धोंडूने विचारलं, "काय ठरलं रे?"

"ठरतंय, दादा."

"भोक पाडू दे, नाहीतर फाडू दे. पुन्हा कंद उकरता आले म्हणजे झालं."

पुष्कळ दिवसांनी निकाल लागला. तो सांगायला सभापती, दोन्ही डॉक्टर आणि निम्मं जंगल वाजतगाजत आलं.

"ज्याला जमेल त्याला लहान छेद बरा," कासव म्हणालं. "पेशंट लवकर घरी जातो."

"दादा घरीच होता," गोंद्या म्हणाला.

त्याच्या नाकाला ओली माती लागली होती. मागे मोहाखाली त्याने एकट्याने उकरलेला खड्डा होता. शेजारी धोंडू निजला होता. त्याच्या पोटावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

वाजंत्री थांबली.

मग सुतारपक्षी खड्ड्यात डोकावला. "जरा लहान चालला असता."

"छे," अस्वल म्हणालं. "मोठाच बरा."

कासवाने घसा साफ केला. "पाणवठ्यावर बोलू."

तात्पर्य : छेद लहान की मोठा, हे नक्की ठरल्याशिवाय आजारी पडू नये. पडलातच, तर भावाला सभेला नेऊ नका. भावांना उगाच घाई असते.