अनिष्ट परिभ्रमण निवारण समिती

माणूस जाण्याच्या आदल्या दिवशी विशेष काही घडत नाही, हा सृष्टीचा अत्यंत शिस्तीचा नियम आहे. आमचे अप्पा गेले त्याच्या आदल्या सकाळी त्यांनी चहात साखर कमी असल्याची नोंद घेतली, टोपी झटकली आणि मला म्हणाले, "पंपाचं एकदा होऊ दे, मालू. मग तुझं बघू."

माझं म्हणजे लग्न, अशी त्यांची समजूत होती. मला नाशिकच्या एका शाळेने शिक्षिका म्हणून बोलावलं होतं आणि दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. हे मी त्यांना पावसाळाभर सांगणार होते. पण पंपाचं व्हायचं होतं.

पंप म्हणजे अंबरनाथच्या आमच्या कारखाना-वसाहतीला पाणी चढवणारा पंप. छप्पन साली त्याची मोटर किंचाळू लागली. बेअरिंगला दोन कड्या असतात. आतली मोटरच्या दांड्याबरोबर फिरते. बाहेरचीने आपल्या खोबणीत घट्ट बसून राहायचं असतं. या खोबणीला कामगार 'घर' म्हणतात. घर झिजलं की बाहेरची कडीही फिरू लागते, आणि फिरून फिरून घर आणखी झिजवते. (हे फक्त विजेच्या मोटरीबद्दल आहे.)

उपाय ठरलेला आहे. घर लेथवर कातून थोडं मोठं करायचं आणि आत नवं बुश, म्हणजे घट्ट बसणारं धातूचं नळकांडं, ठोकायचं. काम एका दुपारचं. इतकं सोपं असल्यामुळे समिती नेमणं भाग होतं. अध्यक्ष अप्पा, कारण ते देखभाल खात्यातले ज्येष्ठ अधिकारी. शिवाय माझी आई, माई, गेल्यापासून त्यांचा जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूंवर विशेष लोभ होता. चिटणीस हिशेब खात्यातले श्रीपादराव. त्यांना मोटरीतलं काहीच कळत नसल्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेण्यास जागा नव्हती.

पहिल्या बैठकीत पंपावरच्या जनूची साक्ष झाली.

"सायब, घर ढिलं झालंय. घर ढिलं झालं का बाहेरचं फिरनारच."

श्रीपादरावांनी हे शब्दशः टिपून घेतलं आणि खोल निःश्वास सोडला. "लाख बोललास. आमच्या शेजारी हेच चाललंय."

इथून समितीच्या कार्याला खरी दिशा मिळाली.

मोटरीची हेळसांड झाली असं मात्र कुणी म्हणू नये. कडीला पकड मिळावी म्हणून जनूने घराला आतून टोकदार पंच ठोकून टोचे मारले. कडी आठवडाभर निमूट बसली, मग पुन्हा फिरू लागली. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या लोकूमलने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून दिला. "साईं, ये पट्टी डालो. बेअरिंग क्या, सास भी अपनी जगह बैठेगी." पट्टी तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने बाहेर आली. (लोकूमलची सासू कराचीहून येऊन त्याच्याकडेच बसली होती, त्यामुळे उपायाचा अर्धा भाग सिद्ध धरला गेला.)

दरम्यान समितीने वसाहतीतल्या ढिल्या घरांची पाहणी केली. शेकडा एकसष्ट बायका दिवसातून अनेक वेळा घराबाहेर फिरताना आढळल्या. (डोक्यावर हंडा असे. नळाला पाणी नव्हतं.) हे परिभ्रमण अनिष्ट ठरवून विहिरीवर जाण्यास मनाई करण्यात आली.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गोजरबाई हंड्यासकट बैठकीत शिरल्या. "फिरू नको म्हणता? मग पाणी काय चालत येईल माझ्या दारी, अप्पासाहेब?"

"हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही," श्रीपादराव म्हणाले.

"नाही का? मग हंडाच ठेवते विषयपत्रिकेवर." आणि ठेवला. भरलेला.

अप्पा चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. ते हसणं मला पलीकडे आमच्या ओट्यावर ऐकू आलं. माईनंतर पहिल्यांदाच.

तर तो आदला दिवस. दुपारी बेअरिंग तापून जाम झालं. आतली कडी हलेना, बाहेरची हलेना, दांडा हलेना. समितीची तातडीची बैठक झाली आणि अनिष्ट परिभ्रमण शून्यावर आल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. (इष्टही शून्यावर आलं होतं, पण ते समितीच्या कक्षेबाहेर होतं.) पेढे वाटले गेले. अप्पांनी त्यातला एक कागदात बांधून माझ्यासाठी आणला.

"झालं बाई पंपाचं!"

"अप्पा, मला थोडं—"

"उद्या. उद्या निवांत बसू. तुझं सगळं ऐकायचंय मला."

सकाळी ते उठले नाहीत.

त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ कारखान्याने लेथ मोकळी केली आणि त्याच आठवड्यात बुश बसलं. एका दुपारीच. पाणी आलं.

समितीचं अध्यक्षपद मात्र अद्याप रिकामं आहे. तांत्रिक ज्ञानाची अट नाही. घरातल्या कुणालातरी "हे एकदा होऊ दे, मग तुझं बघू" असं निदान एकदा म्हटलेलं असावं, इतकंच. आतापर्यंत हसत हसत वाचत आलेल्या सर्व वाचकांचे अर्ज न मागवताच दाखल करून घेतले आहेत.

शोकसभा पाण्याच्या टाकीखाली झाली. श्रीपादराव म्हणाले, अप्पांनी आयुष्यात काहीही जागचं हलू दिलं नाही. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, फोटोकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"अप्पा, मला नाशिकला नोकरी लागली आहे. मला जायचं होतं. आणि तुम्हांला सोडून जायचं नव्हतं. दोन्ही."