फ्लॅश चिपेस विसर पडला त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन. स्मरण देणारी जी शारदा तीस दोनदा नमन, कारण पुढील प्रकरण सगळे स्मरणाचेच आहे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, फाल्गुन वद्य पक्ष चालू असता राज्यात अरिष्ट उद्भवले ते येणेप्रमाणे. राज्याचे पंचांग ज्या संगणकावर होत असे तो थोरल्या महाराजांचे अमदानीतला, चाल गोगलगायीची. पंचांगाचे गणित जुन्या ज्योतिषीबुवांनी त्याच यंत्रावर बसविले आणि बुवा वैकुंठवासी जाहले, मग ते गणित दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर चालेना. एकटा संगणक गणितास बसला तर पाडव्याचे पंचांग दिवाळीस हाती यावे. म्हणोन त्याचे पोटी वेगाचे कार्ड बसविले होते, तेणेकरून तोच म्हातारा घोड्यासारखा धावे. आणि त्या कार्डावर एक काळी चिप, नखाएवढी, तिला फ्लॅश म्हणतात. जागे होताच काय काय करावे याची समज तीत लिहिलेली, आणि वीज गेली तरी ती विसरत नाही अशी तिची ख्याती. तीच विसरू लागली. संगणक चालू करावा तो पडदा काळा, अथवा अर्धवट उठून मध्येच थिजावा, आणि पाडवा तोंडावर आलेला.

दिवाण कान्होपंत म्हणजे सूर्य उगवला तरी दाखला मागणारे गृहस्थ. ते दरबारात उठोन बोलिले, "सरकार, चिप आपोआप विसरत नसते. शेजारच्या राज्यात पंचांगे छापून पडली आहेत, त्यांस गिऱ्हाईक हवे आहे. आमचा यंत्रनीस फितला!" यंत्रनीस म्हणजे अंताजी मुरार, संगणक सांभाळणारे, उभा जन्म त्या एका खोलीत गेलेला. ते काही बोलणार तो महाराजांचा संताप अनावर जाहला आणि आज्ञा सुटली कीं, अमावास्येचे दरबारी कार्ड उठून पंचांग निघाले तर बरे, न निघाले तर अंताजीस तोंडास काळे फासून, गाढवावर बसवून शिवेपार करावे. अंताजी थेट यंत्राचे खोलीत गेले. दिवाणजींनी मात्र घरी जाण्यापूर्वी गाढवाची तजवीज केली, हे आम्ही बखर लिहिणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. कामाला असा उरक त्यांचा एरवी कधी पाहिला नाही.

मग अंताजींनी कार्ड उपसून काढिले आणि त्याचे पितळी दात खोडरबराने घासून लखलखीत केले, आणि फरक शून्य. मग मल्टिमीटर लावून वीज मोजली, ती जेवढी पाहिजे तेवढी भरली. मग भिंग डोळ्यास लावून चिपेचा एकेक पाय पाहिला, तो एका पायाचा कथलाचा डाग भेगाळलेला. "सापडला चोर!" म्हणोन अंताजींनी तापली सळई टेकवून नवा डाग दिला आणि कार्ड बसविले, आणि पडदा उजळला! वाड्यात आनंद जाहला, साखर वाटली, आणि साखर तोंडात विरघळते न विरघळते तो यंत्र तापले आणि पडदा पुन्हा काळा. दिवाणजी म्हणाले, "पाहिले? दाखवण्यापुरते उठवतो आणि पाडतो. हातचलाखी आहे सगळी." मग नवी चिप शोधावी तर कारखाना बुडोन जमाना जाहला, आणि दूरदेशाहून एक आली ती निघाली तोतया, वरचे नाव खरवडून दुसरे छापलेले. अंताजींनी हात टेकले.

दुपारी त्यांचे कुटुंब सगुणाबाई डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, दोन घास खा. उपाशी माणसाशी चिप काय जास्त बोलणार आहे?" अंताजींनी डबा उघडलाही नाही. तेव्हा बाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "गाढवावर तुम्ही बसाल, पण माझे काय? या गावात लग्न होऊन आले मी. कोणत्या तोंडाने वेशीबाहेर पडू?" हे ऐकोन आम्हांसही भडभडून आले, खोटे कशास सांगावे.

मग अंताजींनी डबा बाजूस सारिला आणि चिपेतील सगळे अक्षर वाचून काढिले, आणि मूळ प्रत फ्लॉपीवर जपलेली होती तिच्याशी ताडून पाहिले. तो काय नवल! बिघाड होता तो सगळा चिपेच्या पहिल्या अर्ध्या भागात. तेथे पुसले तरी धड पुसले जात नाही आणि लिहिले तर ऊब लागताच उडते. मागला अर्धा भाग कोरा, त्यात आजवर कोणी काही लिहिलेच नव्हते. तेथे चार अक्षरे लिहून पाहिली, कार्ड तापविले, निवविले, पुन्हा तापविले, अक्षर ढळले नाही.  तेव्हा पहिला भाग कशाने मेला ते अंताजींस उमगले.

महाराजांची फार वर्षांची आज्ञा होती कीं, "देवास कालचे फूल चालत नाही, मग राज्याच्या यंत्रास कालचे अक्षर का? रोज प्रातःकाळी चिप पुसावी आणि तीच समज ताजी लिहावी." आणि अंताजी रोज स्नान करून, सोवळे नेसून, मोठ्या भक्तीने पुशीत आणि लिहीत. फ्लॅशला पुसणे सोसते, पण मोजकेच, दर पुसण्यास ती थोडी झिजते. कोणी फितला नाही, कोणी काही मोडले नाही. जपून जपून मारिली! अति तेथे माती म्हणतात ते हेच.

कार्डावर दोन खिळ्यांवर एक चिमुकली टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती सरकविली कीं कार्ड मागला भाग वाचू लागते. अंताजींनी टोपी सरकविली, मागल्या भागात समज एकदा लिहिली, आणि यंत्र उठले आणि उठलेलेच राहिले. सगुणाबाईंनी देवास हात जोडिले आणि लगोलग नवऱ्यास बजाविले, "आता तोंड शिवा. हुकूम कोणाचा होता ते काढू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि पुन्हा रोज पुसायला बसावे लागेल, त्याचे काय?"

"बसा. हा अर्धा भाग झिजेपर्यंत कोण राहतो आणि कोण जातो!"

अमावास्येस दरबार भरला. गाढव चौकात बांधलेले, काजळाची वाटी तयार. संगणक चालू केला, पडदा उजळला, यंत्र तापले. पडदा काळा पडला नाही. मग छापयंत्राची खरखर सुरू जाहली आणि पंचांगाचे पहिले पान बाहेर आले, आणि महाराज प्रसन्न होऊन बोलिले, "शाबास अंताजी, सुटलात. उद्यापासून रोजचे पुसणे-लिहिणे पूर्ववत चालू करा." अंताजींनी मुजरा केला. मागे सरले. आणि पुन्हा पुढे आले आणि म्हणाले, "सरकार, पुसण्यानेच चिपेची पहिली बाजू मेली. पुन्हा पुसाल तर ही दुसरीही मरेल, आणि मग तिसरी बाजू नाही."

 दिवाणजी ओरडले, "म्हणजे चूक सरकारांची म्हणतोस? गाढव आणा रे!" महाराजांचा चेहरा लाल जाहला. ते बोलिले, "तुम्ही सुटला होतात. गप्प का राहिला नाहीत?"

अंताजी म्हणाले, "राहणार होतो, सरकार. घरून तशी ताकीदही होती. पण उद्या सकाळी पुसायला हात उचलला नसता."

 महाराज आम्हांकडे वळोन बोलिले, "लेखक, लिहा. पुसण्याची आज्ञा रद्द. यंत्रनीस निर्दोष. चूक आमची."

कान्होपंत लगबगीने पुढे येऊन कुजबुजले, "सरकार, राजे चुकले ऐसे बखरीत लिहीत नाहीत. तूर्त लिहू द्या, मागाहून पुसून टाकू."

महाराज म्हणाले, "पुसून पुसूनच जागा मेली, पंत. लिहिले ते राहू द्या."

येणेप्रमाणे पंचांग निघाले, पाडव्यास वाचिले, अंताजी मुरार आपले घरी सुखरूप राहिले, आणि क्रोधीनाम संवत्सर लागले. राजे चुकले. हे वाक्य काढण्यास दिवाणजी दोनदा आमचे घरी येऊन गेले. काढिले नाही.