एकांताची चोख व्यवस्था

नवरा-बायकोला आपसात बोलायचं असेल तर दोघांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी हजर असावं लागतं आणि तिथे तिसरं कोणी असून चालत नाही. मी निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात ही अट एकदाही पूर्ण झालेली नाही. मी आमच्या इमारतीच्या समितीचा सचिव आहे. पाण्याचा पंप, जिन्यातला दिवा, वरच्या मजल्यावरचा कुत्रा, सगळ्यांची गाऱ्हाणी आधी माझ्याकडे येतात आणि गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस ऐसपैस बसल्याशिवाय जात नाही.

नोकरीत मी नियमावली विभागात होतो. सार्वजनिक बागा, पोहण्याचे तलाव, झोपाळे या सगळ्यांचे नियम आमच्याकडून निघत. ‘घसरगुंडीवर उलट दिशेने चढू नये’ ही सूचना तुम्ही कुठल्या ना कुठल्या बागेत वाचली असेल. ती माझी आहे. लोक ती वाचून उलटे चढतात हा भाग वेगळा, पण तो अंमलबजावणी विभागाचा विषय आहे.

बायकोचा विषय असा होता. तिची थोरली बहीण दुसऱ्या गावी एक लहानशी बालवाडी चालवते. बहिणीच्या गुडघ्यांनी आता असहकार पुकारला होता, आणि तू येऊन शाळा सांभाळ, वरची खोली रिकामीच आहे, असा निरोप तिने धाडला होता. बायकोने होकारही कळवून टाकला होता. मी बरोबर जाणार की नाही, एवढंच काय ते ठरायचं होतं. हा प्रश्न तिने स्वयंपाकघरात काढून पाहिला, जिन्यात काढून पाहिला आणि एकदा तर मी दाढी करत असताना काढला. इतका महत्त्वाचा विषय असा उभ्या उभ्या निकालात काढू नये, निवांत समोरासमोर बसून घ्यावा, असं मी दर वेळी तिला समजावलं. माझं उत्तर नाही असं मुळीच नव्हतं. हो असंही नव्हतं. विषय विचाराधीन होता.

अखेर मार्ग तिनेच काढला. बॅकवॉटरमध्ये दिवसभरासाठी हाउसबोट मिळते, पूर्ण खासगी, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. “पाण्यात कोणी बेल वाजवायला येणार नाही,” ती म्हणाली. “सोमवारी मी ताईकडे निघतेय. त्याआधी मला तुमच्या तोंडून उत्तर हवंय.” सूचना योग्य होती. मी ती तत्काळ मंजूर केली.

बोट खरोखर देखणी होती. वेताचं छप्पर, पुढच्या बाजूला मोकळी जागा, तिथे वेताच्याच दोन खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून ठेवलेल्या. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती आणि खुर्चीत बसताना ती लग्नाआधी भेटायला यायची तशी जरा सावरून बसली. मलाही उगाच बरं वाटलं. बोट चालवणाऱ्या सारंगाने दोर सोडायच्या आधी आम्हाला एकदा निरखलं आणि विचारलं, “दोघंच?” दोघंच, असं मी अभिमानाने सांगितलं. त्याने धक्क्याकडे वळून शिट्टी मारली. पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ छत्री घेऊन बोटीवर चढला आणि आमच्या दोन खुर्च्यांच्या बरोबर मधे एक स्टूल टाकून बसला.

“आपण कोण?” बायकोने विचारलं.

“एकांत अधिकारी. खासगी सफरीत तुमच्याखेरीज बोटीवर कोणी नाही ना, याची मी दिवसभर खात्री करतो.”

“पण तुम्ही आहात ना.”

“मला धरायचं नाही, बाई. मी कामावर आहे.”

यातला तर्क मला लगेच पटला. एकांत आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, तो कोणीतरी पाहिलेला असावा लागतो. बायकोने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईने नारळाची झाडं बघू लागलो. झाडं दोन्ही काठांवरून पाण्यावर ओणवी झाली होती. बोट संथ चालली होती, जलपर्णी बाजूला सरून पुन्हा मिटत होती आणि एक पाणकावळा खांबावर पंख वाळत घालून बसला होता. बोलायला याहून चांगलं वातावरण शोधून सापडलं नसतं. बायकोने घसा साफ केला आणि म्हणाली, “अहो, ऐका. ताईकडची खोली…”

“एक मिनिट,” एकांत अधिकारी म्हणाला. त्याला पोहता येत नव्हतं आणि आता पाणी खोल होत होतं. प्रवासी बुडाले तर ते स्वतःच्या जबाबदारीवर बुडतात, पण कर्मचारी बुडाला तर संस्थेच्या जबाबदारीवर बुडतो. तेव्हा पुढच्या धक्क्यावर त्याच्यासाठी जीवरक्षक घेणं भाग होतं. जीवरक्षक आला. चांगला धिप्पाड होता. ज्याला वाचवायचं त्याच्यापासून हाताच्या अंतरावर राहण्याचे त्याला आदेश असल्याने तोही आमच्या मधेच बसला. आता मला बायकोचा डावा कान आणि केसांतली पिन एवढंच दिसत होतं.

एका जागी दोन कर्मचारी असतील तर त्यांच्यावर देखरेखीसाठी एक पर्यवेक्षक असलाच पाहिजे. हा नियम मला तोंडपाठ होता, कारण पोहण्याच्या तलावांसाठी तो मीच लिहिला होता. तलावावरून तो पाण्याच्या इतर प्रकारांना कधी लागू झाला याची मला कल्पना नव्हती. काठावर बायका भांडी घासत होत्या, तिथल्या पायऱ्यांवरून पर्यवेक्षक चढला तेव्हा आपलं मूल मोठं होऊन समोर यावं तसं मला झालं. पर्यवेक्षकाला उभ्याने देखरेख करता येत नाही. बायको उठली आणि आपली खुर्ची त्याला देऊन आतल्या पायरीवर जाऊन बसली. मी हळूच तिला म्हणालो, की बघ, किती चोख व्यवस्था आहे.

जेवणाची वेळ झाली. खानसाम्याने दोघांचाच स्वयंपाक केला होता आणि कामावरच्या माणसांनी आधी जेवावं हे कुठेही मान्य असलेलं तत्त्व आहे. तिघांनी पोटभर जेवून घेतलं. मला पर्यवेक्षकाने आग्रह केला म्हणून मीही चार घास खाल्ले. बायकोच्या वाट्याला एक केळं आलं. ते तिने सोललं, हातात धरून ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “मला तक्रार करायची आहे.”

पर्यवेक्षकाचा चेहरा खुलला. तक्रार करणाऱ्या प्रवाशांचं प्रमाण अलीकडे फार घटलंय, अशी खंत त्याने माझ्याजवळ बोलून दाखवली आणि फोन लावला. थोड्याच वेळात मोटरबोट फटफटत आली आणि तीतून तक्रार निवारण अधिकारी उतरला. त्याच्यासोबत त्याची गादी होती, कारण त्याला मणक्याचा त्रास होता.

“बोला बाई. काय तक्रार आहे?”

“बोटीवर माणसं फार झालीत. मला माझ्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायचेत.”

त्याने माणसं मोजली. स्वतःला धरून मोजली, हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. तक्रारीत तथ्य असल्याचं त्याने तिथल्या तिथे मान्य केलं. आता तिचं निवारण होईपर्यंत त्याला बोट सोडता येणार नव्हती. तो गादी घालून बसला आणि त्याबरोबर बोट पुढच्या बाजूने चांगलीच दबली. सकाळच्या त्या ‘दोघंच?’नंतर तोंडातून अक्षर न काढलेला सारंग मागून ओरडला, की पाणी कडेच्या फळीला लागलंय, कोणीतरी उतरा, नाहीतर सगळेच उतराल.

पुढचा धक्का जवळच होता. तिथे सार्वजनिक होडी थांबते. बोट तिथे टेकवून कोणी उतरावं यावर रीतसर चर्चा झाली. एकांत अधिकारी उतरला तर सफर खासगी राहत नव्हती. जीवरक्षक उतरला तर एकांत अधिकाऱ्याच्या जिवाची हमी राहत नव्हती. ते दोघं असताना पर्यवेक्षक हलू शकत नव्हता आणि तक्रार उभी असताना निवारण अधिकारी हलणं म्हणजे तक्रारदाराचा अपमान होता. सारंग आणि खानसामा बोटीचेच होते. बोटीवर ज्यांना काहीच काम नाही असे फक्त दोघंच निघाले. आम्ही.

मी उठलो. खरंच उठलो होतो. चपलेत एक पाय घातलाही होता. तेवढ्यात पर्यवेक्षकाने सहज विचारलं, की साहेब, आपण पूर्वी कुठे होता? मी सांगितलं. बोलण्याच्या ओघात घसरगुंडीचाही उल्लेख आला. पर्यवेक्षक ताडकन उभा राहिला. तलावांचा नियम लिहिणारे ते तुम्हीच का, असं म्हणून त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. निवृत्त झाल्यापासून असं कोणी केलं नव्हतं. आपल्यासारख्या माणसाने सफर अर्धवट सोडायची म्हणजे आमच्या व्यवस्थेला कमीपणा, असं म्हणत त्याने खिशातून एक नारिंगी फीत काढली आणि माझ्या दंडाला बांधली. मी मानद निरीक्षक झालो. म्हणजे मी कामावर होतो. म्हणजे मला उतरता येत नव्हतं.

बायको एकटीच धक्क्यावर उतरली. उतरताना तिने कोणाचाही हात धरला नाही. मग वळली, साडीचा पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर, होडीच्या रांगेतल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी सोमवारी जातेय. शाळा मला करायचीच आहे. पण तुमच्याशिवाय मला तिथे करमणार नाही, हेही खरंय. तुम्ही येणार का माझ्याबरोबर, एवढं आत्ता सांगा. हो तर हो, नाही तर नाही.”

खरं सांगतो, मला भरून आलं. इतक्या वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. माझ्या तोंडात शब्द तयारही झाला होता. पण एकांत अधिकाऱ्याने ओठांवर बोट ठेवलं आणि धक्क्यावरच्या पाटीकडे खूण केली. तिथून पुढे पक्ष्यांसाठी शांतता क्षेत्र सुरू होत होतं. पाटी सुबक होती, शब्द नेमके होते आणि दंडाला फीत असलेल्या माणसानेच पहिल्यांदा नियम मोडावा हे शोभलं नसतं. मी मान हलवली. ती हो अशी नव्हती आणि नाही अशीही नव्हती. नोकरीत ती मान मला फार उपयोगी पडत असे.

बायकोने थोडा वेळ वाट पाहिली. मग हातातलं केळं खात ती होडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आमची सफर पुढे उत्तम झाली. तक्रारदारच बोटीवर नसल्याने तक्रार आपोआप निकाली निघाली. मात्र मोटरबोट परत गेलेली असल्याने निवारण अधिकारी तसाच आमच्यासोबत राहिला. वाटेत सार्वजनिक होडी आमच्या बाजूने गेली. कोंबून माणसं भरली होती. टोपल्या, सायकली, रडणारी पोरं, कशाचा कशाला मेळ नव्हता. एकांत तर औषधालाही नव्हता. मधोमध आमची ही बसली होती आणि बोलत होती. शेजारची अनोळखी बाई तिचा हात हातात धरून ऐकत होती, आजूबाजूचेही ऐकत होते. मधेच ती हसली. आमच्या घरचा विषय असा चारचौघांत चाललेला पाहून मला वाईट वाटलं. मी फितीचा हात वर करून हलवला, पण तिचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी सफर संपली तेव्हा एकांत अधिकाऱ्याने माझं खास अभिनंदन केलं. खासगी सफर म्हणजे काय याची इतकी परिपूर्ण अंमलबजावणी त्याच्या पाहण्यात नव्हती. आमच्या बोटीवर शेवटी एकही प्रवासी उरला नव्हता.

सोमवारी बायको गेली. मी तिला सांगितलं होतं, की रविवारी निवांत बसून बोलू, पण रविवारी पंपाची बैठक लांबली. आता घर अगदी शांत असतं. बोलायला बसायचं म्हटलं तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. फीत मी अजून कपाटाला अडकवून ठेवली आहे. उत्तरही माझं ठरलं आहे, हो असंच आहे, फक्त ते फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. एखादा दिवस काढून नीट समोरासमोर बसून सांगेन म्हणतो. हाउसबोटीला मी पूर्ण पाच तारे दिले. माझा अभिप्राय वाचून पुष्कळ जोडप्यांनी नोंदणी केल्याचं पर्यवेक्षकाने कळवलं आहे, आणि हंगाम संपेपर्यंत एकही तारीख शिल्लक नाही.

तुमचंही नाव त्यात असेल. नसलं तरी काळजी करू नका. हे वाचत असताना आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी हाक मारली आणि तुम्ही मान वर न करता “एक मिनिट” म्हणालात. योग्यच केलंत. त्या मिनिटाची व्यवस्था आम्ही पाहतो.