किसनजींची नंबरवारी

अकोल्यात कॉलेजसाठी खोली शोधत होतो, तेव्हा चार घरांनी माझं आडनाव विचारलं आणि खोली कालच दिल्याचं सांगितलं. पाचव्या घरी किसनजी ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "तुह्यापाशी डबे किती हायेत?"

"एकच. पिठाचा."

"मंग रहा."

किसनजींचा जन्म कापसाच्या गोदामात गासड्या लावण्यात गेला. आता ते घरी एकटेच असत. त्यांच्या घरात कोणत्याही डब्याला नाव नव्हतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर चुलीपासून दाराकडे मोजत जायचं. ज्या जागी डबा, तो त्याचा नंबर. डबा सरकला की नंबर बदलला. "आज भाजीत दोन नंबर कमी पडला," असं ते जेवताना स्वतःशीच मोठ्यानं म्हणत. म्हणजे मीठ.

एकदा मी भीत भीत सुचवलं, की डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या तर?

"गोदामात नंबर जागेचा असते, मालाचा नाई," ते म्हणाले. "माल काय, आज आला, उद्या गेला."

शेजारच्या वच्छलाबाई त्यांना चिडवत. "किसनभाऊ, देवायले तरी नावं राहू द्या जी!"

"त्यायलेही रांगेतच बसवलं हाये," किसनजी गंभीरपणे सांगत.

माझा पिठाचा डबा मात्र माझ्या खोलीत खाटेखाली होता. त्या घरात नंबर नसलेला तेवढा एकच डबा. फळीवर ठेवू का, असं विचारलं की किसनजी म्हणत, "पाहू." असलं "पाहू" मी पूर्वीही ऐकलं होतं. घरी मी खोली मिळाली एवढंच कळवलं. टिकेल असं लिहायचा धीर झाला नाही.

एका संध्याकाळी कॉलेजातून आलो, तर खाटेखाली डबा नव्हता. सामान बाहेर काढायला सुरुवात झाली, असंच वाटलं. किसनजी स्वयंपाकघरात होते. विचारायला दाराशी गेलो, तोच मागून वच्छलाबाई कप घेऊन आल्या.

"किसनभाऊ, आमच्या व्याह्याले मिठाचा चहा पाजला ना जी मी! आत्ताच साखर न्याले आली, कुठी हाये म्हनलं, तं तुमीच सांगतलं, तीन नंबर!"

"जुनंच तोंडात बसलं वो," किसनजी ओशाळले. "दुपारपासून साखर चार नंबर हाये. चुलीपाशी या पोट्ट्याचं पीठ ठेवलं. बाकीचे समदे एकएक सरकले."

मी दारातच उभा राहिलो. वच्छलाबाई हसू लागल्या. "आता सुचलं तुमाले? इतके दिवस काहून ठेवला मंग खाटेखाली?"

किसनजी फळीकडेच पाहत होते. "याच्या आंधीच्या पोट्ट्याले आल्या दिवशीच नंबर देल्ला होता. दीड महिन्यात चालला गेला तो. मंग ते रिकामी जागा दिसे. समदे पुन्हा सरकवाची लय दिवस हिंमतच नाई झाली मले."

मग ते माझ्याकडे वळले. "तुहं शिक्षण किती सालाचं हाये रे?"

"चार वर्षांचं. नापास झालो तर पाच."

"मंग हो एक डाव नापास," किसनजी म्हणाले, आणि व्याह्यांसाठी साखर काढायला फळीकडे गेले.