इंजिन गरम असतानाच ऑइल काढावं

कूलर झाकला त्या दिवसापासून मधुवंती झोपली नव्हती.

अगदीच झोपली नव्हती असं नाही. सात महिन्यांच्या बाळाला झोप जितकी टाळता येते तितकी ती टाळत होती. एप्रिलच्या शेवटी तिचा जन्म झाला तेव्हा नागपूर तव्यासारखं तापलं होतं. मनीषनगरातल्या त्या घरात मोठा कूलर एकच, तोही हॉलच्या खिडकीला. त्यामुळे उन्हाळाभर आणि नंतरच्या उकाड्यातही सगळं घर हॉलमध्येच गाद्या टाकून झोपायचं. कूलरसमोर आजोबा गोपाळराव, शेजारी आजी प्रेमलताबाई, मग वडील जितेंद्र, मग आई हिमानी, आणि भिंतीशी मधुवंतीचा पाळणा. कूलर घरघरायचा, वाळ्याचा ओला वास यायचा आणि पोर रात्री डोळे मिटायची ते सकाळीच उघडायची. येणारे-जाणारे म्हणायचे, गुणाची आहे. हिमानीलाही तसंच वाटायचं.

दिवाळी झाली, हवा पालटली, कूलरवर जुनी चादर पडली आणि सगळे आपापल्या खोलीत गेले. गोपाळरावांची रवानगी प्रेमलताबाईंनी वरच्या मजल्यावर केली, लेकराच्या झोपेत कुणाची गडबड नको म्हणून. मधुवंतीने डोळे उघडले ते त्याच रात्री.

उपाय सगळे झाले. जितेंद्रने फोनवर कूलरचा आवाज लावला. मधुवंतीने फोन चाटला. हिमानीने गाणी म्हटली. मधुवंती सोबत म्हणू लागली. शेवटी खरा कूलरच लावला, कोरडा, तोंड भिंतीकडे करून. मधुवंतीने त्याच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची मोटर जळली. कूलरवाला म्हणाला, "सीझन संपला ना ताई. आता आमी गीझर पाहतो. कूलर होळीनंतर."

आणि सोमवारी हिमानीला बँकेत परत रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी ती नुसती साहेबांना भेटायला गेली, तर बोलता बोलता उभ्या-उभ्या डुलू लागली. थोड्या वेळाने साहेबही डुलू लागले. घरी येऊन तिने जाहीर केलं, "मले सोमवारच्या आधी दोन तास सलग झोपू द्या. बाकी काही नको."

आज रविवार होता, आणि रविवारी गोपाळरावांनी एटीव्हीचं ऑइल बदलायचं ठरवलं होतं.

एटीव्ही म्हणजे चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, शेतातल्या चिखलात जाणारी गाडी. मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर गोपाळरावांनी पारशिवनीजवळच्या शेतासाठी ती घेतली होती. प्रेमलताबाई तिला रणगाडा म्हणत. पावसाळाभर चिखल तुडवून झाल्यावर ती टेम्पोत चढवून घरी आणली होती आणि आता अंगणात फाटकाजवळ उभी होती.

"गॅरेजमध्ये देऊन टाका ना बाबा," जितेंद्र म्हणाला.

"काहून? पूर्ण नोकरी मशिनीचं ऑइल पाहण्यात गेली माही. ह्या खेळण्याले मेकॅनिक लागते का?"

"तुमचं टर्बाइन होतं."

"मग? हे तं लहान आहे."

गोपाळरावांनी बाह्या दुमडल्या, इंजिन सुरू केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. ऑइल काढायचं तर आधी इंजिन गरम करायचं. थंड ऑइल जाड होतं आणि गाळ खालीच राहतो. हा त्यांचा नियम होता आणि नियम बरोबरच होता. इंजिन मात्र काही नियमाने चालत नव्हतं. चार-पाच वेळा जोरात गुरगुरायचं, मग एकदम गप्प व्हायचं, आता संपलं असं वाटेपर्यंत गप्प राहायचं आणि एक आचका देऊन पुन्हा गुरगुरू लागायचं.

हिमानी भांडायच्या तयारीने खिडकीशी आली. थंडीमुळे काच लावलेली होती. ती उघडणार, तेवढ्यात तिचं लक्ष कडेवर गेलं. मधुवंतीची मान तिच्या खांद्यावर पडली होती. पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या आणि मिटूनच राहिल्या.

हिमानीने श्वास रोखून तिला पाळण्यात ठेवलं. पाळण्यात ठेवल्यावरही ती झोपलेलीच होती. हिमानी अनवाणी अंगणात धावली.

"बाबा, बंद नका करू!"

"गरम झालं बेटा इंजिन. आता ऑइल काढाचं."

"नका काढू. झोपली ती."

"कोण?"

"मधू!"

गोपाळरावांनी पेचात पडून इंजिनकडे पाहिलं आणि चावी फिरवली. ते शिस्तीचे होते. अंगणात शांतता पसरली. आतून एक "अं?" ऐकू आलं. गोपाळरावांनी घाईने चावी उलटी फिरवली. "अं" थांबलं.

मग अंगणातच बैठक झाली. प्रेमलताबाई म्हणाल्या, गाडी दिवसभर चालू ठेवा. गोपाळराव म्हणाले, जुन्या ऑइलवर चालवली तर इंजिन खराब होईल, आणि मग पोरीला झोपवायला दुसरी गाडी आणायची का? ते अगदीच चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं असं: गोपाळराव दहा मिनिटांत जुनं ऑइल काढून नवं भरतील आणि गाडी पुन्हा सुरू करतील. तेवढी दहा मिनिटं बाकीच्यांनी आवाज चालू ठेवायचा.

"मी स्कूटर लावतो," जितेंद्र उत्साहाने म्हणाला, धावत गेला आणि त्याने स्कूटर सुरू केली. कुणालाच काही ऐकू आलं नाही. स्कूटर बॅटरीवरची होती.

"राहू दे गा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मी मिक्सर लावतो."

मिक्सर पाळण्याच्या खोलीच्या दारात आला. प्रेमलताबाईंनी शेंगदाणे घातले आणि खटका थेट तीनवर नेला. बाहेर इंजिन बंद झालं. मधुवंतीचा खालचा ओठ बाहेर आला.

"आई, एकसारखं नका फिरवू," हिमानी कुजबुजली. "थांबत थांबत. गाडी कशी थांबून राहिली होती, तसं."

प्रेमलताबाईंनी खटका थांबत थांबत फिरवला. ओठ आत गेला. शेंगदाण्यांचं कूट झालं, कुटाचा गोळा झाला, गोळ्याला तेल सुटलं. मग त्यांनी हरभऱ्याची डाळ घेतली.

बाहेर गोपाळराव गाडीखाली परात सरकवून आडवे झाले होते. त्यांनी पान्याने बोल्ट सैल केला, शेवटचे आटे हाताने फिरवले, आणि गरम ऑइल बोटांवर आल्याबरोबर हात झटकला. बोल्ट परातीत बुडाला. हे व्हायचंच, म्हणून त्यांनी फ्रिजच्या दारावरचं मोराचं लोहचुंबक आधीच खिशात आणून ठेवलं होतं. त्यांनी मोर ऑइलमध्ये फिरवला. बोल्ट चिकटून वर आला. बोल्टवरचं चकतीसारखं वायसर आलं नाही.

"वायसर कुठे गेलं?"

"असंन परातीत," जितेंद्र म्हणाला.

गोपाळरावांनी मोर पुन्हा फिरवला. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

"बाबा, वायसर तांब्याचं आहे. ते चुंबकाले नाही चिकटत."

"मले माहीत आहे," गोपाळराव म्हणाले आणि मोर थोडा वेळ तसाच फिरवत राहिले.

वायसरशिवाय बोल्ट लावला असता तर नवं ऑइल ठिबकत राहिलं असतं. रविवार असल्यामुळे पार्टची दुकानं बंद होती. तेव्हा बापलेकांनी मनगटापर्यंत हात परातीत घातले आणि एकमेकांची बोटं शोधू लागले. नेमक्या त्याच वेळी डाळीचं बेसन झालं, मिक्सरमधून जळका वास आला आणि तो बंद पडला. प्रेमलताबाई बातमी द्यायला बाहेर आल्या.

"अहो, मिक्सर गेला." मग त्यांनी खाली पाहिलं. "ही कोणती परात आहे?"

बापलेक आणखी खाली वाकले.

"लाडवाची आहे ही! माह्या माहेरची!"

"घासून देतो ना वं," गोपाळराव परातीतूनच म्हणाले.

"हात काढा पहिले. नाही, नका काढू! कशाले लावू नका ते हात!"

आतून "अं?" आलं. सगळे दगडासारखे थांबले. शेजारचे बाबाराव मात्र त्याच क्षणी कुंपणावरून डोकावले.

"काय गा गोपाळराव, गिरणी टाकली का? सकाळपासून दळूनच राहिले तुमी."

"बाबाराव," हिमानी दारातून हात जोडून म्हणाली, "तुमची जुनी स्कूटर चालते का हो अजून?"

बाबारावांच्या आयुष्यात हा प्रश्न बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. ते रोज स्कूटर पुसायचे. मुलगा ती विकायला सांगायचा.

"चालते का म्हणजे? कुठे जायचं?"

"कुठेच नाही. फक्त चालू ठेवायची."

धूर खोलीत जाऊ नये म्हणून स्कूटर फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. बाबारावांनी तिला अंगावर तिरपी केली, सरळ केली, किक मारली. स्कूटर खोकली, थांबली आणि विचार करून पुन्हा खोकली. तिला थांबत थांबत चालायला वेगळं सांगावं लागलं नाही. पाळण्यातून समाधानाचा उसासा आला.

"एक नंबर!" जितेंद्र म्हणाला.

"मी पोराले हेच सांगतो," बाबाराव म्हणाले. "काम पडते." मग त्यांनी कान दिला. "पेट्रोल संपून राहिलं गा."

पेट्रोल एटीव्हीच्या टाकीत होतं. जितेंद्रने नळी घालून ते बाटलीत काढलं आणि बाटली रस्त्यापलीकडे पोचवली. स्कूटर पीत होती तेवढं देत राहिला. बाटली, हँडल, फाटक, कुंपण आणि बाबारावांचा स्वेटर, जिथे जिथे तो गेला तिथे तिथे त्याची काळी बोटं उमटली.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. परातीत वायसर नव्हतं. गोपाळरावांनी ऑइल जुन्या बादलीत गाळलं, तरी नव्हतं. ते अंगणात फरशीवर बसले. कपाळावर काळा पट्टा होता, कारण तिथे त्यांनी हात लावला होता. एवढ्या मशिनी सांभाळलेला माणूस परातीएवढ्या जागेत हरला होता आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सोमवारी आणतो नवं वायसर," ते हळूच म्हणाले.

सोमवार हा शब्द ऐकून हिमानीचे डोळे भरून आले. ती फार थकली होती. पण थकलेल्या डोक्यात कधी कधी रोजचंच काहीतरी फिरत असतं. मधुवंतीच्या दुधाच्या बाटलीच्या झाकणात एक पारदर्शक रिंग असायची. ती रोज हरवायची. घर सिंकमध्ये, पातेल्यात, जाळीत शोधायचं, आणि रिंग झाकणाला आतून चिकटलेली असायची. रोज. तरी दुसऱ्या दिवशी सगळे आधी सिंकमध्येच पाहायचे.

हिमानी खाली वाकली, गाडीखाली हात घातला आणि जिथून बोल्ट निघाला होता त्या भोकाभोवती बोट फिरवलं. बोटाला कडा लागली. तिने नखाने ती ओढली.

"हे का बाबा?"

गोपाळरावांनी वायसरकडे पाहिलं, मग हिमानीकडे, मग माहेरच्या परातीकडे.

"इंजिनलेच चिकटून होतं का ते?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"चिकटते कधी कधी," गोपाळराव म्हणाले. "गरम असलं की."

त्यानंतर सगळं भराभर झालं. वायसर बसलं, बोल्ट आवळला, नवं ऑइल भरलं. रस्त्यापलीकडे स्कूटर शेवटचं खोकली आणि त्याच क्षणी इकडे एटीव्ही गुरगुरू लागली. मधुवंतीला कळलंसुद्धा नाही. हिमानी हात धुवून पाळण्याशेजारी आडवी झाली आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून डोळे मिटणार, तोच इंजिन गप्प झालं.

ती आचक्याची वाट पाहू लागली. आचका आला नाही. टाकीतलं पेट्रोल बाबारावांच्या स्कूटरने संपवलं होतं.

मधुवंतीच्या कपाळावर आठी पडली. ओठ बाहेर आला. हिमानी झटकन उठली आणि जितेंद्रला पेट्रोल आणायला पाठवावं म्हणून तिने खिडकी उघडली.

खिडकीखाली, उन्हात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत गोपाळराव बसल्या-बसल्या झोपले होते. काळे हात मांडीवर उलटे ठेवलेले, मान मागे, तोंड उघडं. ते घोरत होते. चार-पाच वेळा जोरात गुरगुरायचे, मग एकदम गप्प व्हायचे, आता संपलं असं वाटेपर्यंत गप्प राहायचे आणि एक आचका देऊन पुन्हा सुरू व्हायचे.

हिमानीने मागे वळून पाहिलं. आठी गेली होती. ओठ जागेवर आला होता. मधुवंतीची मूठ सावकाश उघडत होती, उन्हाळाभर हॉलमधल्या त्या पाळण्यात उघडायची तशी.

हिमानीने खिडकी तशीच उघडी ठेवली. मग चहाचा कप घेऊन प्रेमलताबाई अंगणात आल्या.

"अहो, उठा," त्यांनी खांद्याला हात लावला. "भर अंगणात कायले घोरून राहिले? लोक पाहून राहिले."

"आई!" हिमानी ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "बंद नका करू."

प्रेमलताबाईंनी सुनेकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग कप कुंपणावर ठेवला आणि अंगावरची शाल काढून नवऱ्याला पांघरली.

"झोप वं तू बिनधास्त," त्या म्हणाल्या. "हे बंद नाही होत. लग्न झालं तेव्हापासून करून पाहून राहिली मी."