काडीनं घेतलेलं माप

काकासाहेबांनी बूट घ्यायचं ठरवलं, आणि तेही कुणाला न विचारता! मंठ्यात कारकुनी करणारा हा माणूस घरातलं मीठ संपलं तरी बायकोला विचारून आणायचा. पण द्वारकाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. विचारायला उरली होती एकटी उषा, आणि बूट तर त्या लेकीसाठीच घ्यायचे होते.

उषा पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे परतूर रोडला पळायला जायची आणि वडील उठायच्या आत घरी येऊन चहा टाकायची. जुन्या बुटांनी तिच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. हे काकासाहेबांना कळलं तेही फरशीवरचा रक्ताचा डाग पाहून. आईला पहिल्याच दिवशी कळलं असतं, असं मनात आलं आणि ते ताटावरून उठले.

मग एका सकाळी उषा न्हाणीत गेलेली पाहून त्यांनी खराट्याची काडी घेतली, दारातल्या चपलेवर धरली आणि बरोबर तेवढी मोडली. ती छत्रीत लपवून त्यांनी जालन्याची एसटी धरली. (उन्हाळ्यात छत्री कशाला, असं शेजारच्यानं विचारलंच.)

दुकानदार चौकस निघाला. बूट लेकीला पोलीस भरतीत पळायला हवेत हे ऐकून घेतलं, काडी मोजली आणि म्हणाला, "काका, ताई पळताना पाय कसा टाकत्यात? टाच आधी टेकती का चवडा? त्याच्यावर बूट ठरतो."

काकासाहेब गडबडले. त्यांनी आयुष्यात एकच बाई पळताना नीट पाहिली होती. तरी त्यांनी पँट वर खेचली, एक हात वर केला, दुसरा हात पोटाशी धरला आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुडूदुडू पळाले. टांगलेल्या स्लिपरांची माळ त्यांच्या गळ्यात आली.

"पोटाशी काय धरलं हो?"

"पदर."

"भरतीला पदर?"

"सवय असती एकेकाची," काकासाहेब म्हणाले. "तुमी जल्दी बूट द्या."

घरी आल्यावर त्यांनी बुटांना हळदकुंकू लावलं. (नव्या सायकलीला लावतात, मग बुटांना का नाही?) उषानं मोठ्या आनंदानं पाय घातला. चवडा गेला, टाच बाहेरच राहिली.

"बाबा, माप कशाचं घेतलं?"

"दारातल्या तुझ्या चपलेचं."

"माझ्या?" उषा दाराकडे बघत राहिली. "बाबा, त्या आईच्या हायेत."

काकासाहेब मटकन खाली बसले. तेराव्याला त्यांची धाकटी बहीण नंदाबाई द्वारकाबाईंच्या वस्तू देऊन टाकायला गोळा करत होती. लुगडी गेली, पिशवी गेली. तिनं चपलांना हात घातला तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं, "त्या उषाच्या हायेत." पुढं आल्यागेल्याला ते हेच सांगत राहिले आणि रोज फडक्यानं चपला पुसत राहिले. सांगून सांगून त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

दुकानात पळून दाखवल्याचंही त्यांनी सांगून टाकलं. "पळून कसं दाखवलं?" उषानं विचारलं. त्यांनी उठून दाखवलं. उषा खो खो हसली आणि हसता हसता ओढणीत तोंड घालून रडायला लागली.

"आई एसटीमागं अशीच पळायची, बाबा."

"अशीच पळायची गं," काकासाहेब म्हणाले, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं रडू त्यांनी एकदाचं मोकळं केलं.

कुंकू लागलेले बूट दुकानदार परत घेईना. त्या खेपेला मात्र उषा स्वतः गेली, दुकानासमोर दोन फेऱ्या पळाली आणि पायाला बसणारा जोड घेऊन आली. त्या बुटांवर ती भरतीच्या धावण्यात पास झाली.

वर्षश्राद्धाला नंदाबाई आली आणि दारातच थांबली. "दादा, ह्या चपला तर वैनीच्याच. मला पक्क्या आठवत्यात. आता तरी देऊन टाकायच्या का न्हाई?"

मागनं आलेले काकासाहेब अंगणातच घुटमळले. 

"माझ्या हायेत, आत्या," उषा पळून परत येत म्हणाली.

"आन् हे कुंकू लावलेले बूट?"

"ते पण माझेच."

"आन् तुझ्या पायातले?"

"हे तर माझेच हायेत ना!"

नंदाबाईनं उषाच्या लांबलचक पायांकडे पाहिलं, मग त्या एवढ्याशा चपलांकडे पाहिलं. सगळं तिला कळलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि चपला होत्या तिथं नीट सरळ करून ठेवल्या. पण रिकाम्या हातानं जाईल ती नंदाबाई कसली! तिची नजर भावाच्या पायांवर गेली. अंगठा तुटलेला, सेफ्टी पिनेवर तगलेला, टाचेला भोक पडलेला चपलांचा जोड.

"काढ त्या," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या चपला ह्याच असणार."

आणि ती त्या देऊन टाकायला घेऊन गेली.