सकाळी कसं झालं?

आगाशीत लग्न असलं की नाना डॉक्टर स्टेजवर चढायचे, नवरदेवाच्या हातात नारळ द्यायचे आणि माइकलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "सकाळी कसं झालं? पोट साफ?"

ते कोणालाही सोडत नसत. बाजारात तलाठ्याला विचारत, देवळाच्या पायरीवर पुजाऱ्याला. "पुढून सगळेच बघतात, मागून कोण बघणार?" हे त्यांचं ब्रीद. कंबर दुखते म्हणून गेलेल्या माणसालाही ते हातमोजा दाखवायचे. अर्नाळ्याचा एक कोळी तो बघून खिडकीतून पळाला. नाना त्याच्या मागे बंदरापर्यंत गेले आणि त्याची मूळव्याध बरी करूनच परतले.

आमच्या सुमतीवहिनीला दोन-तीन वर्षं माकडहाडापाशी दुखायचं. गळू समजून ते अनेकदा फोडलं, ते पुन्हा भरायचंच. शेवटी दादा तिला नानांकडे घेऊन गेला. सोबत मीही होतो.

"तिथंच परत येतं?" नाना म्हणाले. "त्या गळवाला दुसरं घर नाही का?"

वहिनी तपासून घ्यायला तयार होईना. तेव्हा नर्स फिलोमिनाबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "बाय, मी हाय ना इथं. डोले मीट."

पडद्याआडून नाना बाहेर आले ते गंभीर होऊन. "हे गळू नाही. गुदाशयाच्या मागे मऊ गाठ लागतेय, आणि कातडीवर बारीक खळगा आहे. ही जन्मापासूनची पिशवी असणार. आईच्या पोटात प्रत्येकाला इवलंसं शेपूट असतं, मग ते विरून जातं. हिचं थोडं मागे राहिलं."

"म्हणजे मला शेपूट होतं?" वहिनी आतून ओरडली.

"सगळ्यांनाच असतं हो. तुमच्या नवऱ्याचं गेलं की नाही, तेही बघतो."

दादा झटकन दारापाशी सरकला.

"हसू नका," नाना म्हणाले. "अशी पिशवी क्वचितच सापडते, पण कधीकधी तिच्यात कर्करोग होतो. आता कोणी सुई टोचायची नाही, फोडायची नाही. अख्खीच काढायची."

मुंबईच्या सर्जनांनी तपासलं, त्यांचंही मत तेच पडलं. ऑपरेशन झालं. वहिनी घरी आली, पण गाठीचा रिपोर्ट यायचा होता. तो आणायला नाना दवाखाना बंद ठेवून माझ्याबरोबर आले.

सर्जन म्हणाले, "पिशवीच्या आत एका ठिकाणी बिघाड सुरू झाला होता. पण गाठ न फुटता निघालीय, कडा स्वच्छ आहेत. वेळेवर पाठवलंत. आता फक्त अधूनमधून तपासत राहू."

बाहेर येऊन नाना बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी घाबरलो.

"काही नाही रे," ते चष्मा पुसत म्हणाले. "एवढी चांगली बातमी. पण आमची ही गेल्यापासून घरी सांगायला कोणी नाही. कुलूप काढायचं आणि गप्प बसायचं. म्हटलं, इथंच रडून घ्यावं."

मी त्यांना तसाच आमच्या घरी घेऊन आलो. सगळे ओटीवर वाट बघत होते. मी नानांना पुढे केलं. नानांनीच सांगितलं. आई रडली, दादा त्यांच्या पाया पडला, वहिनीने त्यांच्यासमोर वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची ताटली ठेवली. तेवढ्यात शेजारची काकू आली, नानांनी तिला पहिल्यापासून सांगितलं. मग मामा आले. आम्ही सगळे पुन्हा सरसावून बसलो.

"मग काय झालं, नाना?" वहिनीने विचारलं.